गवती चहाच्या जागी लेमन बाम: कुणी लावलाय का?

सानिका_एस
नमस्कार मंडळी. बागकाम विभागात शोधलं, तुळस, पुदिना, गवती चहा यांवर ढिगानं धागे आहेत, लेमन बामवर एकही दिसला नाही. म्हणून हा उघडतेय.

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. घरामागे हातभर बाग आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजींनी कुंपणावरून एक गड्डा दिला, मुळासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. "मेलिसे" (लेमन बामचं जर्मन नाव) म्हणाल्या आणि हसल्या. त्या का हसल्या ते यंदा कळलं. फरश्यांच्या सांध्यांत मेलिसे, गुलाबाच्या वाफ्यात मेलिसे, लेकाच्या वाळूच्या खड्ड्यातसुद्धा मेलिसे!

दिसायला पुदिन्याचा थोरला भाऊ. पान जरा मोठं, सुरकुतलेलं, कडेनं कातरल्यासारखं, आणि देठ चौकोनी. बोटांत चुरडलं की लिंबाची साल किसल्यासारखा वास येतो.

आता खरी अडचण. जूनमध्ये सांगलीहून सासूबाई येताहेत, तीन महिन्यांसाठी. त्यांना गवती चहाशिवाय सकाळचा चहा चालत नाही. माझं गवती चहाचं बेट थंडीत तळघरात ठेवलं होतं, ते फेब्रुवारीत गेलं. म्हटलं लिंबाचाच वास आहे, हा घालून बघू. आलं, साखर, सात-आठ पानं, पाच मिनिटं खळखळून उकळलं, मग चहापूड आणि दूध. चहाला वाळल्या वैरणीचा वास! नवरा एक घोट घेऊन म्हणाला, "गोठ्यात बसल्यासारखं वाटतंय."

तर हा चहात घालतात कसा, आणि एवढ्या पाल्याचं करायचं काय? भारतात कुणी कुंडीत लावलाय का तेही सांगा.

टवाळ
धाग्याचं नाव वाचून वाटलं डोकेदुखीवर काहीतरी आहे. कपाळाला चोळून बघितला का?

सानिका_एस
टवाळ, कपाळाला नाही, पण हाताला चोळलाय. डास दहा मिनिटं लांब राहतात, मग परत येतात.

मंजिरी_जर्सी
अगं सानिका, आमच्याकडे न्यू जर्सीत हेच रामायण झालंय. एक लक्षात ठेव, याला फुलावर येऊ द्यायचं नाही. पुदिना जमिनीखालून पळतो, हा वरून बिया टाकतो. गड्डा दरवर्षी थोडा रुंदावतो, पण त्याचा त्रास नाही. त्रास त्या बारक्या बियांचा. पानांच्या बगलेत कळ्या दिसायला लागल्या की मी कात्रीनं सगळं झुडूप टाचेएवढं ठेवून कापून टाकते. बघवत नाही, पण तीन आठवड्यांत परत भरतं, आणि दुसऱ्या बहराची पानं कोवळी असतात. मोसमात अशा दोन-तीन कापण्या होतात. थंडीत वरचं सगळं जळून जातं. मेलं समजून उपटू नका, मार्च-एप्रिलमध्ये बुडातून फुटतं.

सानिका_एस
फुटतं तर खरंच! यंदा मेमध्ये मात्र कोवळे शेंडे एका रात्रीत काळे पडले. इथे ११ ते १५ मे या दिवसांना 'बर्फाचे संत' म्हणतात, त्या सुमारास शेवटचं गोठलेलं दहिवर पडतं असा जुन्या लोकांचा हिशेब. आजींनी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, जुनी चादर टाक म्हणून. मी ऐकलं नाही. पंधरा दिवसांत पुन्हा तरारलं, ते सोडा.

गच्चीवाला
पुण्यात, कोथरूडला गच्चीवर चार वर्षं लावतोय. सविस्तर लिहितो, कारण पहिलं वर्ष माझं पूर्ण फुकट गेलं.

बी ऑनलाइन मागवलं. पाकिटावर लेमन बाम, आतून आली लिंबाच्या वासाची तुळस. वासावरून फसलो, दोन महिने कौतुकानं पाणी घातलं. मंजिऱ्या आल्या तेव्हा ट्यूब पेटली. लेमन बामला शेंड्याला मंजिरी येत नाही. पांढरट बारीक फुलं येतात, ती पेराच्या भोवती, पानांच्या बगलेत झुबक्यानं. शिवाय तुळशीचं पान बऱ्यापैकी गुळगुळीत असतं, याचं खरबरीत आणि शिरांमध्ये फुगलेलं. नर्सरीतसुद्धा 'लेमन'वालं काहीही या नावाखाली देतात. पान चुरडून वास घेऊ नका, वास सगळ्यांचा सारखाच. पान डोळ्यांनी बघा.

पेरायचं दसरा-दिवाळीच्या सुमारास. बी मोहरीपेक्षा खूप बारीक. त्याच्यावर माती लोटायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. ओलसर मातीवर भुरभुरवायचं, हातानं दाबायचं, फवाऱ्यानं पाणी. झारीनं घातलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात. दोन ते तीन आठवडे धीर धरा. एक रोप हाताशी आलं की पुढे बियांची गरजच नाही. बोटभर लांबीची काडी पेराच्या खाली कापायची, खालची पानं काढायची, पाण्यात ठेवायची. पंधरा दिवसांत पांढरी मुळं दिसतात.

कुंडी दहा इंची, बुडाला भोकं मोकळी हवीत. निम्मी माती, निम्म्यात कोकोपीट आणि गांडूळखत. खत बेतानंच, फार खत घातलं की पानं मोठी होतात पण वास पातळ पडतो. माझी कुंडी पूर्वेच्या कठड्याला आहे, सकाळी तीन-चार तास ऊन, मग पाण्याच्या टाकीची सावली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाड देखणं असतं. मार्च संपता संपता पानांचा रंग पिवळट होतो, कडा करपतात. तेव्हा मी अर्ध्यावर छाटतो आणि शेडनेटखाली ढकलतो. मे महिना कसाबसा काढतं. खरा वैरी पाऊस. एकदा जुलैत आठ दिवस झड लागली, कुंडी उघड्यावर. मुळं कुजली, हातात घेतलं तर अख्खं झाड वर आलं. आता पावसाळाभर खिडकीच्या सज्जाखाली असतं आणि बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी. दिवाळीआधी पानांवर भुरी येते कधीकधी. ती पानं काढून टाकायची, झाडं जरा लांब लांब ठेवायची, बस.

दर्याकाठ
गच्चीवाला, तुमचं निदान पुणं आहे. मी फोंड्याला, गोव्यात. दोनदा आणला, दोन्ही वेळा जुलै बघितला नाही त्यानं. दमट हवेत खालची पानं चिकट काळी होतात. आता नाद सोडला. दारात गवती चहाचं एवढं मोठं बेट असताना हा लाड कशाला, असं आई म्हणते, आणि मला पटतं.

गच्चीवाला
आईंचं बरोबर आहे, चहापुरतं बोलायचं तर. गोव्यात, कोकणात मीही सांगेन की गवती चहाच लावा. पण गवती चहाची पात चावून खाता येते का? हे पान कोवळं, ते थेट खाता येतं. कोशिंबिरीत, ताकात, कलिंगडाच्या फोडींवर. मी लावतो तो त्यासाठी, चहासाठी नव्हे.

रसायनभट
सानिकाताई, तुमच्या वैरणीच्या वासाचं उत्तर पानाच्या रचनेत आहे.

दोन्हींत लिंबाचा वास देणारा मुख्य घटक एकच, सिट्राल. गवती चहाच्या तेलात तो साधारण सत्तर-ऐंशी टक्के असतो. हे तेल पातीच्या आत, खास तेलपेशींमध्ये कोंडलेलं असतं. म्हणून आपण पात कापतो, गाठ मारतो, उकळतो, तेव्हा कुठे ते हळूहळू पाण्यात उतरतं. लेमन बामचं उलटं. त्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये, लवेसारख्या केसांत असतं, आणि असतं फारच थोडं, वाळल्या पानात अर्धा टक्कासुद्धा नाही. नुसतं बोट फिरवलं तरी वास येतो ना, तो त्यामुळेच. खळखळत्या पाण्यात टाकलं की हे थोडंसं तेल पहिल्या एक-दोन मिनिटांत वाफेबरोबर उडून जातं. तुमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी छान वास सुटला असणार. तो सगळा चहातून गेला. मागे राहिला पाल्याचा अर्क, तो तुमच्या यजमानांनी ओळखला.

म्हणून उकळू नका. आंच बंद केल्यावर घाला आणि झाकण ठेवा. झाकण सगळ्यात महत्त्वाचं.

जाता जाता: बाजारात 'मेलिसा ऑइल', म्हणजे लेमन बामचं तेल, स्वस्तात मिळालं तर ते बहुधा गवती चहाचं किंवा सिट्रोनेलाचं तेल असतं. खऱ्याचा उताराच इतका कमी की ते स्वस्त असूच शकत नाही.

सानिका_एस
रसायनभट, खरंच सुटला होता वास! मी नवऱ्याला म्हटलंही, "बघ कसा घमघमाट येतोय." 😀

पण दूध? लिंबाचं काहीतरी आणि वर झाकण, दूध नासणार नाही ना?

रसायनभट
नाही. वास लिंबाचा आहे, आम्ल लिंबाचं नाही. दूध फाटतं आम्लानं. गवती चहानं कधी फाटलं होतं का?

भुईचाफा
हेच मी चटणीत शिकले! मी कोल्हापूरची, भावानं बेंगळुरूहून रोप आणून दिलं होतं. वासावरून वाटलं की चटणीत लिंबू वाचेल. एक वाटी कोथिंबीर, अर्धी वाटी ही पानं, दोन मिरच्या, मूठभर भाजलेले दाणे, जिरं, मीठ. वाटली आणि चाखली, तर नाकाला लिंबू आणि जिभेला काहीच नाही! मेंदू गोंधळतो अक्षरशः. शेवटी अर्धं लिंबू पिळलं तेव्हा जमली. आता तशीच करते, घावनाबरोबर फार छान लागते. पण लगेच संपवायची, दुसऱ्या दिवशी रंग काळपट होतो. आणि पानं कोवळीच घ्या, जून पानं दातांत चोथ्यासारखी येतात.

मंजिरी_जर्सी
जास्तीच्या पाल्याचं मी सिरप करते. वाटीभर साखर, वाटीभर पाणी, साखर विरघळली की गॅस बंद. त्यात दोन मुठी पानं, हातानं जरा चुरडून. झाकण. अर्धा-पाऊण तास विसरून जायचं. गाळून बाटलीत, फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतं. लिंबू सरबतात साखरेऐवजी हे दोन चमचे आणि वर चिमूटभर काळं मीठ. मुलं सोडासुद्धा घालून पितात. पानं बारीक चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये पाण्याबरोबर गोठवली तरी चालतं. वाळवण्याच्या मात्र भानगडीत पडू नकोस, वाळलं की निम्मा वास जातो.

सानिका_एस
इथे तर वाळलेल्या मेलिसेच्या चहाच्या पिशव्या किराणा दुकानात मिळतात. रात्री झोप यावी म्हणून घेतात.

औषधवाली
वाळवायचंच असेल तर फुलोऱ्याआधी कापून, सावलीत, वाऱ्यावर, एकेरी थर पसरून. उन्हात नाही, ओव्हनमध्ये तर नाहीच. कुरकुरीत झालं की अख्खी पानं बरणीत भरायची, चुरा करायचा तो वापरतानाच.

आता झोपेबद्दल. मी औषधनिर्माण शास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. जर्मनीत वनौषधी तपासणाऱ्या 'कमिशन ई'नं या पानांना अस्वस्थपणामुळे झोप न येणं आणि पोटाच्या किरकोळ तक्रारी यांसाठी मान्यता दिली होती. मात्रा कपाला १.५ ते ४.५ ग्रॅम वाळलेली पानं. म्हणजे सौम्य वस्तू आहे, पण अगदीच पाणी नाही. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर गुंगी वाढू शकते. आणि थायरॉईड: प्रयोगशाळेत, काचनळीत, याच्या अर्कानं टीएसएचचं (थायरॉईड ग्रंथीला चालना देणाऱ्या संप्रेरकाचं) काम अडवल्याचं दिसलंय. चहातल्या चार पानांनी माणसात तसं होतं असं सिद्ध झालेलं नाही. तरी थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी रोज मोठा कप काढा म्हणून प्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारावं. सानिका, सासूबाईंच्या गोळ्या बघ एकदा.

आणि 'बादरंजबोया' म्हणून जे युनानी दुकानात मिळतं ते हेच असेल असं धरून चालू नका. त्या नावाखाली निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात.

सानिका_एस
त्यांना फक्त बीपीची गोळी आहे, पण विचारून घेते. आभार.

शेजारच्या आजींचं औषध मात्र वेगळं. त्यांच्या कपाटात 'क्लोस्टरफ्राउ मेलिसेनगाइस्ट'ची निळी बाटली असते. मारिया क्लेमेंटिन मार्टिन नावाच्या एका जोगिणीनं १८२६ साली कोलोनमध्ये तो धंदा सुरू केला, अजून चालू आहे. मेलिसे आणि आणखी बारा वनस्पती. पोट बिघडलं, झोप नाही, सर्दी झाली, आजी चमचाभर पाण्यात घालून घेतात. मी बाटली उलटून वाचली, अल्कोहोल ७९ टक्के.

टवाळ
७९?! मला झोप येत नाही. पोटही बिघडलंय. सर्दी तर आहेच.

वाईकर
मेलिसे नावावरून सांगतो. ग्रीक भाषेत 'मेलिसा' म्हणजे मधमाशी. याच्या फुलांवर माश्या तुटून पडतात म्हणून ते नाव. युरोपातले जुने मधपाळ रिकाम्या पोळ्याला हा पाला आतून चोळत, म्हणजे उठलेला थवा तिथे येऊन बसतो. यात तथ्य आहे. कामकरी माशी मागच्यांना "इकडे या" म्हणून जो गंध सोडते, त्यात सिट्राल असतंच.

माझ्या सातेरीच्या (आपल्या देशी मधमाश्यांच्या) चार पेट्या आहेत. लेमन बाम कुठून आणू, मी गवती चहाची पात चुरगळून पेटीच्या फळीला आतून चोळतो. गेल्या चैत्रात दोन थवे आले, एक बसला, एक शेजाऱ्याच्या पाण्याच्या मीटरच्या खोक्यात गेला. बसला तो पातीमुळेच असं छातीठोक म्हणणार नाही, पण चोळणं सोडणार नाही.

म्हणून मंजिरीताई, एखादी फांदी तरी फुलू द्या हो.

मंजिरी_जर्सी
एक फांदी फुलू दिली तर पुढच्या वर्षी शेजारी कोर्टात जातील, दादा. पण बरं, कुंडीतली एक ठेवते. बी धरायच्या आत कापीन.

सानिका_एस
प्रयोगाचा निकाल! दोन कप पाणी, किसलेलं आलं, साखर, चहापूड, नेहमीसारखी उकळी. दूध घालून परत एक उकळी. गॅस बंद. मग नऊ-दहा पानं, तळव्यावर ठेवून दुसऱ्या हातानं एक टाळी मारली (हे मंजिरीनं विपूत, म्हणजे माझ्या पानावरच्या विचारपुशीत सांगितलं, चुरगळण्यापेक्षा बरं, पाल्याचा हिरवट रस उतरत नाही), आत टाकली, ताटली झाकली. चार मिनिटं घड्याळ लावून. गाळला.

आला! वास आला. गवती चहापेक्षा मऊ, जरासा पुदिन्याकडे झुकणारा. आधी सहा मिनिटं ठेवून पाहिला होता, तर मागे किंचित कडवट लागला. चारच बरी. अडचण एकच, चार मिनिटांत चहा कोमट होतो. म्हणून आता भांड्याऐवजी थर्मासमध्ये ओतते, पानं त्यातच टाकते आणि तिथूनच गाळून देते. नवऱ्यानं दुसरा कप मागितला, गोठ्याचा उल्लेख नाही.

भुईचाफा
थर्मासची युक्ती ढापली आहे. 👍

सानिका_एस
धागा वर काढतेय, सासूबाई येऊन तीन आठवडे झाले.

पहिल्या दिवशी काही बोलले नाही, कप पुढे ठेवला. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं, प्यायल्या. म्हणाल्या, "पात नाही ही. पण बरं आहे. आलं कमी घातलंस." दुसऱ्या दिवसापासून स्वतः पहाटे बागेत जाऊन पानं खुडून आणतात. फरश्यांच्या सांध्यांतली सगळी रोपं त्यांनी आठवड्यात साफ केली, खुरपं घेऊन, जे मला दोन वर्षांत जमलं नाही. उपटलेल्यांतली सहा रोपं डब्यांत लावली आहेत. शेजारच्या आजींशी भाषा न येता रोज अर्धा तास कुंपणापाशी बोलणं चालू असतं. काल सासूबाई तिथून चमचाभर निळ्या बाटलीतलं घेऊन आल्या. मी विचारलं नाही.

आता म्हणताहेत की परत जाताना एक रोप पर्समध्ये घालून सांगलीला नेणार. "ओल्या फडक्यात गुंडाळलं की दोन दिवस काही होत नाही त्याला."

गच्चीवाला
नको नको! परदेशातून रोप, माती, बीसुद्धा असं आणता येत नाही. आयातीचा परवाना आणि तिकडच्या खात्याचा रोगमुक्तीचा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. आणि ते नियम उगीच नाहीत, मुळांबरोबर काय काय येईल सांगता येत नाही. इथे मिळतं ते रोप, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

सानिका_एस
हे मी सांगितलं तर "तुला माझी पर्स उचलायची नाही" असं उत्तर मिळालं. तुमची पोस्ट वाचून दाखवते.

भुईचाफा
सानिका, काकूंना सांग पर्स रिकामी ठेवा. माझ्याकडे चार काड्यांना मुळं फुटलीत, त्या परत येईपर्यंत कुंडीत चांगल्या धरतील. माझी नणंद मिरजेला असते, ऑक्टोबरमध्ये जाणंच आहे माझं. येताना सांगलीत देऊन जाईन. पत्ता विपूत टाक. फक्त त्यांच्या अंगणात दुपारी सावली कुठे असते तेवढं विचारून ठेव.

सानिका_एस
विचारलं. "आंब्याखाली. पण तिथे गवती चहा आहे, त्याला हलवायचं नाही."